मुद्दा क्रमांक एक

चिमटेकाकांना तक्रार करायचीच नव्हती. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे जे झालं ते ऐकून कुणालाही वाटेल की हा माणूस जन्मजात कुरकुऱ्या. तसं अजिबात नाही. मागे एकदा आठ दिवस नळाला पाणी नव्हतं, तेव्हासुद्धा सगळ्या बिल्डिंगच्या अर्जावर काकांनी सर्वांत शेवटी सही केली होती, आणि तीही पेन्सिलीने. त्यांना फक्त ऑफिसातल्या साहेबांना आपलं मत सांगायचं होतं. जाता जाता, उभ्याउभ्या. पण ऑफिसात उभ्याउभ्या काही सांगायला गेलं की पुढचं बसून लिहावं लागतं.

काका बियाण्यांच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत होते. प्रयोगशाळा म्हटलं की लोकांना उकळणाऱ्या नळ्या आठवतात. इथे तसलं काही नव्हतं, इथे दाणे मोजायचे. पोत्यांनी बी विकणारे लोक त्यातलं मूठभर पाकिटात घालून पाठवत. ते निळ्या पाटीवर ओतायचं, डोळ्याला भिंग लावायचं आणि चिमट्याने एकेक दाणा सरकवत मोजायचं, चांगले किती, फुटके किती, तणाचे किती. एकट्या माणसाच्या मोजणीवर तिथे कुणी विश्वास ठेवत नसे. म्हणून टेबलाला दोन बाजू, दोन खुर्च्या, मध्ये एक दिवा. एकाने मोजून आकडा चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी पालथी ठेवायची आणि पाटी समोरच्याकडे सरकवायची. त्यानेही मोजून आपली चिठ्ठी पालथी ठेवायची. मग दोघांनी एकदम उलटायच्या. आकडे जुळले तर नमुना पुढे गेला. नाही जुळले तर दोघांनीही पुन्हा पहिल्यापासून, आणि त्यात कोण चुकला हे विचारायचं नाही.

काकांच्या वरच्या खिशात पेनाऐवजी कायम चिमटा असे, म्हणून ते चिमटेकाका. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते वाचलं की हजेरी घेणाऱ्यालाही क्षणभर प्रश्न पडायचा, हा कोण बुवा?

समोरच्या खुर्चीवर तेवीस वर्षं जे गृहस्थ बसले, त्यांना काका 'समोरचे' म्हणत, आणि तेही काकांना 'समोरचे'च म्हणत. "समोरचे, उलटायच्या का?" एवढ्या तीन शब्दांत त्यांचा निम्मा दिवस जायचा. उरलेला निम्मा न बोलता. दुपारचा डबा दोघे बाहेरच्या जिन्यावर बसून खात, कारण समोरच्यांना तिथली हवा आवडायची. दोघेही दोन-दोन करत मोजत. मोजताना समोरच्यांचे ओठ किंचित हलत, आवाज मात्र कधी नाही. इतकी वर्षं एकमेकांसमोर बसून माणसं एकसारखी होतात म्हणतात, तशी ती दोघं झाली होती, निदान काकांची तशी समजूत होती.

मग एका शुक्रवारी समोरचे "सोमवारी भेटू" म्हणून गेले. शनिवारी त्यांच्या छातीत दुखलं आणि रविवारी ते वारले.

पुढचे चार महिने काकांनी टेबल एकट्याने चालवलं. एकदा मोजायचं, चिठ्ठी पालथी ठेवायची. मग पाटी फिरवायची, पुन्हा मोजायचं, दुसरी चिठ्ठी पालथी ठेवायची. आणि मग दोन्ही हातांनी दोन्ही चिठ्ठ्या एकदम उलटायच्या. आकडे नेहमी जुळत. समोरच्या खुर्चीत मात्र ते एकदाही बसले नाहीत. एक दिवस साहेबांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा समोर ठेवला.

"काका, दोन्ही चिठ्ठ्यांवरचं अक्षर सारखंच दिसतंय."

"दुसरं जरा तिरकं आहे, साहेब," काका म्हणाले. ते खरं होतं. समोरच्यांचं अक्षर तिरकं असायचं, म्हणून दुसरी चिठ्ठी काका मुद्दाम तिरकी लिहीत.

साहेब काकांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, आणि माणूस म्हणून भला. ते चिठ्ठ्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हे असं किती दिवस चालायचं? जागा भरावी लागेल आता. एक बाई येतायत गुरुवारी, एक दिवस तुमच्यासोबत बसतील. कशा वाटतात ते सांगा."

गुरुवारी नवीन बाई आल्या. चाळिशीच्या, डोळ्यांवर मोठा चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. आल्या आल्या त्यांनी पिशवीतून फडकं काढलं आणि समोरची खुर्ची पुसली. पुसली म्हणजे चांगली खसखसून पुसली, पाठ, हात, पाय, सगळं. चार महिन्यांची धूळ होती, पुसायला हवीच होती. पण काकांना ते बघवेना. फडकं काळं झालेलं बघून बाई म्हणाल्या, "बरीच वर्षं कुणी बसलेलं दिसत नाही इथे." काकांनी पहिलं पाकीट फोडलं.

मग बाईंनी दिवा वीतभर डावीकडे ओढला. खुर्चीच्या दांडीत पाय अडकवला. पाच-पाच करत मोजायला लागल्या. फुटका दाणा बाजूला काढताना त्याला "जा बाबा तू तिकडे" म्हणायच्या. दर शंभर झाले की मान वर करून खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघायच्या, आणि मग पुढचे शंभर. दुपारी टेबलाच्या कोपऱ्यावरच डबा उघडला आणि "घ्या ना काका" म्हणून पुढे केला. काका जिन्यावर गेले.

आणि या सगळ्याच्या वर, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, बाई गुणगुणत होत्या. बारीक आवाजात, नाकातल्या नाकात, एकच ओळ गोल गोल. काका शेहेचाळीसपर्यंत पोचायचे आणि ती ओळ वळण घ्यायची, की शेहेचाळीस कुठल्या कुठे. दिवसभरात पाच नमुने झाले. चार जुळले. पाचव्यात काकांचा आकडा दोनशे अकरा, बाईंचा दोनशे बारा. पुन्हा मोजले. दोनशे बारा भरले. कोण चुकलं हे विचारायचं नसतं, आणि बाईंनी ते विचारलंही नाही, उलट घाईघाईने म्हणाल्या, "एखादा दाणा पाटीच्या कडेला दडतो हो." हा समजूतदारपणा काकांना जास्त झोंबला.

संध्याकाळी काका साहेबांच्या दारात उभे राहिले. "साहेब, बाई तशा बऱ्या आहेत. पण माझ्या मनात जरा शंका आहेत."

"लेखी द्या," साहेब म्हणाले. "दुहेरी मोजणीच्या टेबलावर माणूस घ्यायचा तर जुन्या माणसाचं लेखी मत लागतंच. नियम आहे."

काका कोरा फॉर्म घेऊन घरी आले. बायको भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेऊन तिने एकच विचारलं, "बाई मोजायला चांगली आहे का?"

"तो प्रश्न नाहीये."

"मग कुठला आहे?"

काकांनी तिला खुर्ची पुसल्याचं सांगितलं. तिने हातातली जुडी खाली ठेवली. "अहो, मग तेच लिहा ना. की त्या खुर्चीत दुसरं कुणी बसलेलं मला बघवत नाही. साहेब समजून घेतील."

"असं लिहीत नाहीत ऑफिसात," काका म्हणाले, आणि फॉर्म घेऊन वरच्या मजल्यावर गेले. आयुष्यात बायकोचं एकदाच ऐकायला हवं असतं, आणि नेमकं तेव्हाच वर कुणीतरी राहत असतं.

वर निवृत्त हेडमास्तर राहत. निवृत्तीनंतर त्यांना तपासायला वह्या उरल्या नव्हत्या, त्यामुळे बिल्डिंगमधल्या कुणाच्याही हातात कागद दिसला की त्यांचे डोळे लकाकत. काकांनी फॉर्मवर साध्या भाषेत चार ओळी लिहिल्या होत्या. हेडमास्तरांनी त्या वाचून चष्मा काढला.

"'बाई कामात गुणगुणतात.' हे काय झालं? याला कुणी भीक घालणार नाही. 'सदर उमेदवार कार्यालयीन वेळेत अखंड ध्वनिनिर्मिती करतात.' हं, असं लिहा. आणि मुद्दे चारच?"

"चार पुरेत की."

"अहो चिमटे, चार मुद्दे म्हणजे वैयक्तिक राग वाटतो. दहा म्हणजे सूड वाटतो. सात पाहिजेत. सात म्हणजे अभ्यास."

मग अभ्यास सुरू झाला. खिडकीबाहेर बघतात, याचं 'नजर एका जागी स्थिर राहत नाही' झालं. फुटक्या दाण्याला जा बाबा म्हणतात, याचं 'निर्जीव वस्तूंशी संभाषण करतात' झालं. बी निर्जीव नसतं, त्यातूनच तर मोड येतो, हा काकांचा शास्त्रीय आक्षेप हेडमास्तरांनी हाताने झटकून टाकला. दिवा सरकवणं, दांडीत पाय अडकवणं, पाच-पाच करत मोजणं, टेबलावर डबा, असे सात मुद्दे भरले. खुर्ची पुसल्याचा उल्लेख काकांनी कुठेच केला नाही. हेडमास्तरांच्या बायकोने मध्येच येऊन "कुणाच्या पोटावर पाय येणार नाही ना?" असं विचारलं, तेव्हा हेडमास्तर म्हणाले, "आपण फक्त भाषा सुधारतोय."

काकांना जिना उतरताना जरा अस्वस्थ वाटलं. पण कागद इतका सुरेख दिसत होता की फाडवेना.

आवक-जावक कारकुनाने तो कागद दुसऱ्या दिवशी सकाळी हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि तीन प्रती मागितल्या. तीन प्रती आल्यावर त्याने प्रत्येकीवर ठप्पा मारला आणि मग फॉर्मवरच्या एका रिकाम्या चौकटीवर बोट ठेवलं. "आक्षेपाचा प्रकार? तांत्रिक, वर्तणूक की आरोग्य?"

"यातलं काहीच नाही हो. नुसतं मत आहे."

"मत हा प्रकार नाहीये." कारकुनाने सात मुद्दे वाचले. ध्वनिनिर्मिती, नजर स्थिर नाही, निर्जीव वस्तूंशी संभाषण. त्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी पसरली. "अरेरे," तो म्हणाला आणि 'आरोग्य'वर खूण केली.

काकांनी तोंड उघडलं होतं, पण मागे रांग होती.

पुढच्या आठवड्यात काका दोन हातांनी दोन चिठ्ठ्या उलटत राहिले आणि बाईंचं काही ऐकू आलं नाही. काकांनी मनाशी धरलं की प्रकरण मिटलं. ते मिटलं नव्हतं. पुढच्या शुक्रवारी सकाळी ते आले तर साहेबांच्या केबिनबाहेरच्या बाकावर नवीन बाई बसलेल्या. मांडीवर फाईल, चेहरा ओढलेला, पण काकांना बघून लगेच हसल्या.

"काका, तुमच्याकडची पद्धत फारच कडक आहे हो! आधी घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तीन दिवस नंबर लागेना. मग डोळ्यांचे. त्यांनी औषध घातलं, तर दिवसभर काही दिसेना, मुलीने हात धरून घरी नेलं. आणि काल मनाचे डॉक्टर! ते म्हणाले, तुम्ही वस्तूंशी बोलता का? म्हटलं, फुटक्या दाण्याला जा बाबा म्हणते कधी कधी. ते म्हणाले, मी माझ्या स्कूटरशी बोलतो."

काका हसले नाहीत. बाईंनी फाईल उघडून एकेक दाखला दाखवला, शाळेतलं पोर प्रगतिपुस्तक दाखवतं तसा. घसा उत्तम. नजर उत्तम. मन उत्तम.

"इतकी चौकशी करतात म्हणजे जागा चांगली असणार," त्या म्हणाल्या. "मला बरं वाटलं उलट. आधीच्या ठिकाणी तर कुणी नावही विचारलं नव्हतं. तिथे मशीन आलं मोजायला, आणि आम्हा सहा जणींना एकाच दिवशी घरी पाठवलं. दीड वर्ष झालं. बोटांची सवय मोडेल म्हणून घरी बसून तांदूळ मोजते मी. मुलगी हसते."

काकांना घाम फुटला. बाईंची नोकरी दीड वर्षापूर्वी गेली होती, आणि हे वरच्या मजल्यावर बसून सात मुद्दे भरत होते! ते तिथून तडक आवक-जावकच्या खिडकीवर गेले.

"तो कागद परत द्या माझा."

"आवक झालेला कागद परत जात नाही," कारकून म्हणाला. "मागे घ्यायचा असेल तर तसा अर्ज द्या, कारण लिहून."

काकांनी तिथेच अर्ज लिहिला. कारणाच्या जागी त्यांनी लिहिलं, 'माझी चूक झाली.' कारकुनाने मान हलवली. चूक असेल तर ती कोणत्या मुद्द्यात झाली ते लिहावं लागेल, आणि सातही मुद्द्यांत असेल तर सात अर्ज लागतील, कारण प्रत्येक मुद्द्याला वेगळा क्रमांक पडलाय. काकांनी सात अर्ज लिहिले. वरच्या मजल्याच्या मदतीशिवाय लिहिले, त्यामुळे सातही एकेका ओळीचे झाले. ते घेऊन कारकून जेवायला गेला. तो परत येईपर्यंत काका खिडकीशी उभेच राहिले. डबा खायचं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

साहेबांसमोर ते पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

"उशीर केलात, काका," साहेब म्हणाले. "बाईंना तासाभरापूर्वीच दाखवलं ते."

"काय दाखवलं?"

"तुमचं मत. मत प्रतिकूल असेल तर ते उमेदवाराला दाखवून सही घ्यायची. नियमाचा दुसरा भाग आहे. घाबरू नका, दाखले उत्तम आहेत, सोमवारपासून येतायत त्या." साहेबांनी काकांचा सुरेख कागद पुढे सरकवला. खाली निळ्या शाईत, टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'वाचले. सातही बाबतींत काळजी घेईन.' आणि सही.

काकांना खुर्चीत बसल्याबसल्या आणखी खाली जावंसं वाटलं. बाकावर बसून ती बाई आपल्याला दाखले दाखवत होती!

"एक गंमत सांगू?" साहेब म्हणाले. बिचाऱ्यांना खरंच वाटलं की काकांना जरा हसू येईल. "आपल्याकडे फाईल माणसाची नसते, खुर्चीची असते. तुमच्या समोरच्या खुर्चीची फाईल काढली, तर हे निघालं. तुमचा मुद्दा क्रमांक एक तेवीस वर्षांत बदललेला नाही."

पिवळा पडलेला कागद होता. अक्षर काकांचंच, पण तरुण, ताठ. तारीख तेवीस वर्षांपूर्वीची. 'उमेदवार कामाचा वाटतो. मात्र, १. मोजताना सतत गुणगुणतो, त्यामुळे माझी मोजणी चुकते. २. पाच-पाच करत मोजतो, मी दोन-दोन करत मोजतो. ३. टेबलावर डबा उघडतो, वास येतो.'

आणि खाली तिरक्या अक्षरात, 'वाचले. काळजी घेईन.'

काकांना हा कागद लिहिल्याचं आठवतही नव्हतं. तीन ओळी, पाच मिनिटांचं काम. तो कागद समोरच्याला दाखवतात हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांनी तो पुन्हा वाचला, आणि मग एकेक गोष्ट त्यांच्या डोक्यात आपल्या जागी जाऊन बसायला लागली. जिन्यावरची हवा समोरच्यांना कधीच आवडत नव्हती. थंडीत ते कुडकुडत जेवायचे. दोन-दोन करत मोजणं त्यांचं नव्हतं. ते पाचाने मोजणारे होते. आणि ओठ हलायचे पण आवाज नसायचा, तेवीस वर्षं आवाज नसायचा, कारण त्यांनी लिहून दिलं होतं की काळजी घेईन.

"काका?" साहेब म्हणाले. "पाणी मागवू का?"

"नको," काका म्हणाले. ते रडत होते आणि आपण रडतोय हे त्यांना कळत नव्हतं. साहेबांनी उठून दार लोटून घेतलं.

रविवारी काका समोरच्यांच्या घरी गेले. ऑफिसातल्या टेबलाच्या खणात समोरच्यांचं भिंग राहिलं होतं, चार महिने द्यायचं राहून गेलं होतं, तो बहाणा होता. वहिनींनी भिंग घेतलं, पदराने पुसलं आणि हातातच ठेवलं. इकडचं तिकडचं झालं. काकांना विचारायचं एकच होतं, पण ते विचारवेना. शेवटी ते म्हणाले, "वहिनी, ते गुणगुणायचे ना, ते गाणं कुठलं हो?"

वहिनींचा चेहरा उजळला. "अगं बाई, तेच मी तुम्हाला विचारणार होते! घरी नाही हो कधी म्हटलं. म्हणायचे, माझं गाणं ऑफिसात होतं रोज, मनसोक्त. घरी कशाला तुम्हाला त्रास? मी म्हणायची, समोरचे वैतागत नाहीत? तर म्हणायचे, छे, त्यांना आवडतं."

काका भिंगाकडे बघत राहिले.

"कुठलं म्हणायचे?" वहिनींनी विचारलं. "चाल तरी सांगा. तुम्ही तर रोज ऐकलंय."

तेवीस वर्षं, रोजचे सात तास, दोन हातांच्या अंतरावरून काकांनी ते ओठ पाहिले होते. आणि वहिनींना सांगायला त्यांच्याकडे एक सूरही नव्हता.

"मला गाण्यातलं काही कळत नाही, वहिनी," ते म्हणाले. "पण छान म्हणायचे. फार छान म्हणायचे."

"हो ना?" वहिनी म्हणाल्या आणि डोळे पुसायला आत गेल्या. काकांनी चहा तसाच ठेवला. त्यांना तो पिण्याची लाज वाटली.

सोमवारी नवीन बाई वेळेच्या आधी आल्या. नमस्कार केला, 'काका' न म्हणता. समोरच्या खुर्चीत बसल्या. दिव्याला हात लावला नाही, वास्तविक तो त्यांना उजवीकडून डोळ्यात खुपत होता. पाय जोडून जमिनीवर ठेवले. दोन-दोन करत मोजायला लागल्या, पाचाची सवय असलेली बोटं मध्येच अडखळायची. शंभर झाले तरी मान वर नाही. फुटके दाणे मुकाट्याने बाजूला गेले. दुपार झाली तशा त्या डबा घेऊन उठल्या आणि कुणी न सांगता जिन्यावर जाऊन बसल्या.

काका टेबलापाशी एकटेच राहिले. मागितलं ते सगळं मिळालं होतं, सातच्या सात मुद्दे.

जेवणानंतर तिसरा नमुना पाटीवर आला. काकांनी मोजून चिठ्ठी पालथी ठेवली आणि पाटी सरकवली. बाईंनी भिंग लावलं, मोजायला सुरुवात केली. आणि मग काकांना दिसलं की त्यांचे ओठ हलतायत. किंचित, नकळत. आवाज नाही.

काकांनी कान देऊन ऐकलं. काहीच ऐकू आलं नाही. ते खुर्चीवरून अर्धे उठले.

"कुठलं गाणं आहे ते?"

बाईंनी दचकून ओठ मिटले. चिमटा हातातच राहिला. "चुकलं. लक्षात नाही राहिलं. आता नाही होणार."

"नाही, नाही. विचारतोय मी. कुठलं आहे? तेवीस वर्षं मी ते विचारलं नाही."

"मी तर आजच आले," बाई गोंधळून म्हणाल्या.

काकांनी त्यांना सांगितलं. सगळं नाही सांगता आलं. पिवळ्या कागदाचं सांगितलं, जिन्याचं सांगितलं, वहिनींनी विचारलं तेही सांगितलं. ऐकून झाल्यावर बाईंनी बसल्या खुर्चीच्या हातावरून एकदा हात फिरवला.

"तेव्हा म्हणा," काका म्हणाले. "मोठ्याने म्हणा."

"पण मुद्दा क्रमांक एक..."

"तो मी मागे घेतलाय. ऑफिसने नाही घेतला, तिथे माझे सात अर्ज फिरतायत अजून. मी घेतलाय."

बाईंनी खाली बघितलं. मग दिवा वीतभर डावीकडे ओढला, दांडीत पाय अडकवला आणि हळूहळू, नाकातल्या नाकात, ती एकच ओळ गोल गोल सुरू झाली. गाणं साधंच होतं. मुलीला निजवताना म्हणायची सवय लागली होती, ती राहिली, असं बाईंनी दोन ओळींच्या मध्ये सांगितलं. समोरच्यांचं ते नसणारच. समोरच्यांचं कुठलं होतं, हे आता कुणालाच कधी कळणार नव्हतं.

काकांनी पुढची पाटी ओढली आणि मोजायला घेतलं. दोन, चार, सहा, आठ. शेहेचाळीसला ओळीने वळण घेतलं आणि शेहेचाळीस गेले. त्यांनी डोळे पुसले, भिंग पुसलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. अडतीसला पुन्हा गेले. खरं सांगायचं तर मुद्दा क्रमांक एक अगदी बरोबर होता, त्या गुणगुणण्याने मोजणी चुकतेच. त्या दुपारी काकांनी तो एक नमुना पाच वेळा मोजला, आणि एकदाही बाईंना थांबा म्हटलं नाही.